मामाची मोहरी

माझ्या मामाइतका दुःखाचा शौकीन माणूस सगळ्या सांगली जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. स्वतः रडका म्हणाल तर मुळीच नाही. गडी पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला, मिशा पिळदार, हसला की कवठे महांकाळच्या स्टँडवरची झोपलेली कुत्री उठून बसायची. पण पलटण सुटली आणि करायला काही उरलं नाही. सकाळी सदऱ्याला कडक इस्त्री करायची आणि तो घालून कुठंच जायचं नाही, असं काही महिने चाललं. मग आमच्या बौद्धवस्तीतल्या विहारात एक भंतेजी आले. जगात दुःख आहे, त्याला कारण आहे आणि त्यावर उपायही आहे, असं ते बोलले. मामानं मांडीवर थाप मारली. "हे झालं काम! कुणीतरी हुकूम द्यायलाच पायजे हुता."

तेव्हापासून "बरं हाय का?" हे विचारणं त्यानं सोडूनच दिलं. भेटेल त्याला पहिला सवाल, "तुमचं दुःख काय?" भर मांडवात नवरदेवालासुद्धा विचारलं. मामी कपाळावर हात मारून घ्यायची. "आमचं दुःख तर इस्त्री करून गावभर हिंडतंय," म्हणायची. तासगावच्या एसटीत त्यानं कंडक्टरला विचारलं. त्या बिचाऱ्याला हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तो सासुरवाडीचं सांगत बसला आणि तासगाव आलं तरी तिकिटं फाडायची राहिली. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जाऊन बायकांनाही तेच. एक जण फणकारली, "आवं, सध्या तुमीच हाय की! वाटेतनं सरा, न्हाईतर पाटी उचला." मामानं पाटी उचलली. संध्याकाळपर्यंत उचलत राहिला आणि घरी आला तो असा खुशीत, की जणू बढती मिळाली होती.

पण शेजारच्या सारजाआक्काचा तरणा लेक साप चावून गेला, तेव्हा मामाची खरी कसोटी लागली. आक्का जेवेना, कुणाशी बोलेना. मामाला भंतेजींनी सांगितलेली गोष्ट आठवली. मेलेलं लेकरू घेऊन आलेल्या आईला बुद्धांनी, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आणायला सांगितलं. दारोदार फिरल्यावर तिला कळलं, की असं घरच नाही. "चल आक्का," मामा म्हणाला, "मोहरी मागून येऊ."

आता गोष्टीतल्या गावाचं मला ठाऊक नाही, पण आमच्याकडं दुखवट्यातली बाई दारात आली तर तिला रिकाम्या हातानं धाडायची पद्धत नाही. "तुमच्यात कोण मेलंय का?" मामानं विचारावं, आणि घरच्यांनी आक्काच्या तोंडाकडं बघून धडधडीत थाप ठोकावी, "न्हाई बा, कोण न्हाई! न्या की मोहरी." मागं भिंतीवर हार घातलेला म्हातारा टांगलाय, आणि म्हणे कोण न्हाई! वस्ती संपली तसा मामा सरळ वेशीतून गावात शिरला. तिथं कुणी हातात दिली, कुणी शिवायला नको म्हणून वरून पदरात टाकली, पण नाही कुणी म्हटलं नाही. "आवं, गोष्ट अशी न्हाई!" मामा घामाघूम होऊन ओरडत होता. शेवटी आक्कानं आपल्या जड झालेल्या पदराकडं पाहिलं, मामाच्या रडवेल्या तोंडाकडं पाहिलं आणि खुदकन हसली. मग पोटभर रडली, मग भाकरी मागितली. मामा मात्र कित्येक दिवस खट्टू होता. "येवढं एक काम, तेबी जमलं न्हाई गड्या," म्हणायचा.

पुढं मामी अचानक गेली. मामानं कुणाला काही विचारणं बंद केलं. चुरगाळलेल्या सदऱ्यात उंबऱ्यावर बसून राहायचा. मी साताऱ्याहून रजा काढून गेलो, "मामा, काहीतरी बोल की," म्हणालो. "कशाला?" एवढंच म्हणाला. फार वाईट वाटलं मला. हा माणूस आता असाच बसून संपणार, अशी भीती वाटली.

एका सकाळी सारजाआक्का आली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढं उभी राहिली. "दादा, तुमचं दुःख काय?"

मामानं मान वर केली. "ती न्हाई," तो म्हणाला.

"चला मग. मोहरी मागून येऊ."

तिनं त्याला हाताला धरून उठवलं. मीही मागोमाग गेलो. पहिल्याच दारात आक्कानं विचारलं, "तुमच्यात कोण मेलंय का?" घरची म्हातारी मामाकडं बघत राहिली. "व्हय," ती म्हणाली. "माझी धाकटी लेक. बसा हवालदार, सांगते." त्या दिवशी कुणीच खोटं बोललं नाही. जो तो मामाला बसवून घ्यायचा, चहा पाजायचा, आपलं गेलेलं माणूस सांगायचा. मामा ऐकायचा, आणि हळूहळू मध्येच विचारायलाही लागला, "मग? पुढं काय झालं?"

ऊन कलल्यावर आम्ही परतलो. मोहरीचा एक दाणा मिळाला नव्हता. मामानं आपले रिकामे तळवे आक्कापुढं धरले. डोळे भरून आले होते, पण मिशा हलल्या.

"आक्का," तो म्हणाला, "आज जमलं बघ."

मग मामीच्या चुलीतले निखारे इस्त्रीत भरून तो सदरा घेऊन बसला.