बांधापलीकडचा जबडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की जीभ अडखळते — आणि मी केळीच्या भावावर बोलू लागतो.

प्रकाशा गावाहून तापीकाठानं आलात तर तारेचं कुंपण लागेल. आत जीवाश्म उद्यान आहे. पाटीवर लिहिलंय — हजारो वर्षांपूर्वी इथे दलदल होती, हत्ती पाण्यावर यायचे, त्यातल्या एकाचा जबडा याच जागी सापडला.

याच जागी? नाही हो.

तेव्हा उद्यानाची नुसती चर्चा होती. तज्ज्ञ काठानं फिरत होते, हत्तीच्या दाढांचे फोटो गावात दाखवत होते. जिथे हाडं निघतील ते वावर सरकारजमा, असं पारावर बोललं जायचं. अशात ठिबकच्या पाइपासाठी चर खोदताना तो जबडा लागला — माझ्या वावरात. दुसरं काय केलं असतं मी? नको, हा प्रश्न सोयीचा आहे. केलं ते असं — भर दुपारी, आजूबाजूच्या वावरांतले सगळे जेवायला गेल्यावर, जबडा गोणपाटात गुंडाळला आणि बांधापलीकडे काकाच्या वावरात, दरडीत दाबून ठेवला. काका म्हणजे वडिलांचा सख्खा भाऊ. केळी लावायला मला त्यानंच शिकवलं.

नदीत का नाही लोटला? हत्तीचं तोंड पाण्यात फेकायचं पाप मला नको होतं! बघा माझा धर्म.

काकाला तो दिसला. त्यानं शेंदूर लावला, नारळ फोडला, गावभर सांगत सुटला, "गणपती मन्हा वावरमा उना!" मागोमाग तज्ज्ञ आले. काकाची केळी कुंपणाच्या आत गेली, माझी बाहेर राहिली. मोजणीच्या दिवशी एक वाक्य पुरलं असतं. मी टेपचं टोक धरून उभा होतो.

आता काका माझ्याच वावरात येतो. हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून माझ्या केळीची वाळली पानं काढतो. मला ते बघवत नाही. नको येऊ म्हणावं, तर जाईल कुठे? खरं सांगावं, तर देव आपल्याकडे आला एवढंच त्याच्याजवळ उरलंय — तेही मीच काढून घेऊ? की हीसुद्धा माझी पळवाट? कळत नाही. खरंच कळत नाही.

परवा पानं कापता कापता म्हणाला, "देवले जागा देनीच पडस. पन बरं जयं भाऊ, तुन्हं वावर वाचनं."

मी त्याला पाणी दिलं.