पहिला नंबर कुणाचा, बाळंतपण कुणाकडे

टेनिसवरून घरातली माणसं एकमेकांचं तोंड बघायची थांबतात, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. माणसं भिंतीवरून भांडतात, पाण्यावरून भांडतात. आमच्या गल्लीत गाडी कुठे लावायची यावरून रोज भांडतात. ते मला कळतं. पण समुद्रापलीकडचे दोन-तीन पुरुष, जे आमच्या लग्नाला आले नाहीत आणि मयताला येणार नाहीत, त्यांच्यात मोठा कोण यावरून माझ्या नातीचं माहेरी यायचं अडलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

मी चौथी शिकले, तीही कन्नड शाळेत. मराठी लिहायला वडिलांनी घरी शिकवलं. आमच्या किती पिढ्या बेंगळुरात झाल्या ते कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि उंबरठ्यावर दोन्हीची खिचडी, असं आमचं बोलणं.

यशवंतपूरच्या घरात आता मी आणि माझा मुलगा, दोघंच राहतो. सून आजारपणात गेली तेव्हा नात शाळेत होती. तिला मी वाढवलं. तिचं लग्न तिच्याच ऑफिसातल्या पुण्याच्या मुलाशी झालं आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला राहायला गेली. तिला दिवस राहिले तेव्हा ठरलं होतं, की सातवा संपला की ती माझ्याकडे येणार. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा दोघा पुरुषांना बोलायला विषय नव्हता. मुलगा पीण्या नावाच्या भागातल्या कारखान्यात यंत्रांचे साचे बनवणारा, जावई कॉम्प्युटरवाला. एक चहा प्यायचा, दुसरा भिंतीकडे बघायचा. मग टीव्हीवर टेनिस लागलं आणि दोघांना कंठ फुटला. तेव्हापासून जावई रविवारी न सांगता यायला लागला. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? जेवणाची दोन भांडी जास्त पडायची, एवढंच.

त्यांचं बोलणं ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं. खेळाडूंची नावं माझ्या जिभेवर चढत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली होती. मुलाचा तो देखणा. तो आता खेळायचा थांबलाय. जावयाचा तो चिवट. तो थांबायचं नाव घेत नाही. तिसरा मातीवाला, तांबड्या मातीच्या मैदानावर कुणाला न ऐकणारा. त्याच्याबद्दल दोघांचं एकमत, म्हणून त्याचा विषय कमी निघायचा. ज्याच्यावर भांडता येत नाही त्याला कोण विचारतो?

जावई आकडे सांगायचा. एक नंबरावर सगळ्यात जास्त आठवडे कोण होतं, मोठ्या स्पर्धा कुणी जास्त जिंकल्या, समोरासमोर कोण किती वेळा हरला. मुलगा म्हणायचा, "आकडे सोडा हो, हात बघा त्याचा. लोणी कापल्यासारखा फटका." एकदा जावयाने मला नंबराची पद्धत समजावून सांगितली. खेळाडूचे गुण वर्षभरच टिकतात. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा आली, की जुने गुण गळतात. पुन्हा जिंकलात तर पुन्हा मिळतात, नाहीतर खाली.

"म्हणजे आधी केलेलं सगळं वाया?" मी विचारलं.

"वाया नाही आजी, पण मोजत नाहीत."

मुलगा तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवत बसला. त्याच्या कारखान्यात नवीन यंत्रं आली होती, आणि ती चालवायला नवी पोरं. जुन्यांना गोड बोलून घरी पाठवलं होतं. माझा मुलगा त्यांतला एक. साठीही झाली नव्हती त्याची. सकाळी डबा भरायची सवय मला, तो रिकामा डबा कट्ट्यावर बघून माझी चिडचिड व्हायची. जावयाला हे सगळं माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा.

तो जानेवारीतला रविवार होता. कुठल्याशा स्पर्धेची शेवटची मॅच दुपारची होती. जेवणं झाली होती, नात पाय वर घेऊन पलंगावर बसली होती, मी पान लावत होते. समोर दोन नवी पोरं खेळत होती. हल्ली तीच दोघं सगळं वाटून घेतात म्हणे. पण आमच्या घरातल्या दोघांचं मात्र जुनंच चालू.

"बाबा, तुमच्या माणसाच्या काळात समोर होतं कोण? एक म्हातारे, नाहीतर कच्चे," जावई म्हणाला.

"आणि तुमचा जिंकला कधी? बाकीचे पिकून पडायला आल्यावर!"

"मग आठवडे बघा ना. एक नंबरावर सगळ्यात जास्त आठवडे कुणाचे?"

"आठवडे कसले मोजता? ती काय पगाराची नोकरी आहे?"

"रेकॉर्ड आहे, बाबा. मान्य करा."

मुलाने मांडीवर थाप मारली आणि मोठ्याने हसून म्हणाला, "होगलो!"

आता हा शब्द सांगायला हवा. कन्नडमध्ये होगलो म्हणजे जा रे, चल हट. परक्याला रस्त्यात म्हटलं तर मारामारी होईल. पण दोस्ताला दोस्तच म्हणतो, आणि ज्याला म्हणतो तो हसतो. माझा मुलगा हा शब्द फक्त कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना म्हणायचा. घरी कुणालाच नाही. जावयाला त्याने तोवर अहो-जाहोच केलं होतं. त्या दिवशी गप्पांच्या भरात तो घसरला. घसरला कसला, त्याला तो आपला माणूस वाटला.

जावयाचा चेहरा उतरला. पुण्याच्या घरातला मुलगा, सासऱ्याने मान द्यायचा हे लहानपणापासून बघितलेलं. आणि हा शब्द त्याने ऐकलेला रिक्षावाल्याच्या तोंडून, भांडताना. त्याला लागलं असेल. लागू दे. तोवर माझी काही तक्रार नव्हती. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. हळू आवाजात, एकेक शब्द वेगळा करून म्हणाला,

"बरोबर आहे बाबा तुमचं. घरी बसलेल्या माणसाला जुनेच मोठे वाटणार. आपले पॉइंट गळलेत हे कळायला आधी बाहेर खेळावं लागतं."

मुलाने उठून टीव्ही बंद केला. मॅच अर्धीच राहिली. नात "अहो, चला" म्हणाली आणि तिने पायांत चपला घातल्या. माझ्या हातातलं पान तसंच राहिलं.

त्यानंतर रविवार येत राहिले आणि जावई आला नाही. नातीचा फोन यायचा, पण माझ्या मोबाईलवर, वडील घरात नसताना. एक दिवस ती म्हणाली, "अज्जी, ते म्हणतात, तुझ्या वडिलांनी मला शिवी दिली. माफी मागितल्याशिवाय मी तुला त्या घरी पाठवणार नाही."

मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मी शिवी दिली नाही. माफी कशाची मागू?"

"पोरीसाठी माग."

"सरी, ठीक आहे. तिच्यासाठी मागतो. आणि त्याने मला जे म्हटलं, त्याची माफी तो कुणासाठी मागणार ते विचार त्याला."

यावर मला आणखी राग आला. मुलाचाही, जावयाचाही. सातवा महिना संपला. तिच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती पुण्याहून येऊ शकत नव्हती. जावयाने कुठल्याशा एजन्सीतून बाळंतिणीसाठी बाई ठरवायचं चालवलं. एजन्सीची बाई! मी जिवंत असताना! मी डिंक आणून ठेवला होता, जुन्या मऊ साड्या फाडून दुपटी शिवली होती, आणि ही पोरगी परक्या बाईच्या हातून न्हाणार, का तर एक नंबरावर जास्त आठवडे कोण होतं म्हणून.

एप्रिलातल्या एका रविवारी मी मुलाला न सांगता निघाले. यशवंतपूरहून बनशंकरीला मेट्रो सरळ जाते. वाटेत मी मनात बोलणं जुळवत होते. जावयाला शब्दाचा अर्थ समजावून सांगायचा. परक्या गावात शब्द कळत नाही, त्याचा काय दोष? अर्थ कळला की गाठ सुटेल. माझी अशी समजूत होती. उतरल्यावर रिक्षावाला "अज्जी, स्वल्प जास्ती कोडी" म्हणाला, थोडे जास्त द्या म्हणून, त्याच्यावरही मी खेकसले.

दार जावयाने उघडलं. अर्ध्या चड्डीत होता, मला बघून गांगरला. मागे टीव्हीवर तांबड्या मातीवर कुणीतरी धावत होतं. नात सोफ्याला धरून उठली. तिचे पाय सुजले होते. मी बसलेच नाही. उभ्यानेच सांगितलं.

"तुम्हाला होगलो शब्दाचा अर्थ माहीत आहे?"

त्याने नातीकडे बघितलं.

"ती शिवी नाही. माझा मुलगा जिवाभावाच्या माणसालाच तसं म्हणतो. घरात कुणालासुद्धा म्हटलं नाही त्याने. तुम्ही परगावचे, तुम्हाला कळलं नाही, मला मान्य आहे. पण आता मी सांगितलं ना?"

जावई खाली बघायला लागला. बोलली ती नात.

"अज्जी, त्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मीच सांगितलं. त्याच दिवशी, घरी येताना गाडीत. अप्पा मित्रांना असंच म्हणतात, तुम्हाला मित्र समजून म्हणाले, असं सांगितलं."

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा मी जावयाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"त्याच दिवशी? मग एवढे दिवस शिवी-शिवी काय चाललं होतं?"

नात म्हणाली, "शिवी नव्हती असं मान्य केलं, की मग ह्यांचं वाक्य एकटं उरतं ना, अज्जी."

टीव्हीतला चेंडू वाजतच होता. मी म्हटलं, "बंद करा आधी ते." त्याने केलं.

"आजी, मी रागात बोललो," जावई म्हणाला. "नंतर वाईट वाटलं, पण कसं बोलणार? जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं."

"तुमचं अवघड होत गेलं, म्हणून हिला इथे अडकवून ठेवलंत? त्याच्या शब्दाला दोन अर्थ होते. तुमच्या वाक्याला एकच होता, आणि ते स्वच्छ मराठीत होतं. घरी बसलेला म्हणालात. त्याला तुम्ही म्हणायच्या आधीपासून माहीत होतं तो घरी बसलाय. रोज सकाळी दाढी करून बसतो, जायचं कुठेच नसतं. ते बघून बोललात ना? नेम धरून?"

"हो," तो म्हणाला.

खरं बोलला म्हणून मी त्याला सोडलं असं कुणी समजू नये. मी सोडलं नाही. मी नातीकडे वळले.

"आणि तू ग? तुझ्या तोंडाला काय झालं होतं? फोनवर मला शिवीची गोष्ट सांगितलीस, ही का नाही सांगितलीस?"

"सांगितलं असतं तर अप्पांनी ह्यांना जन्मभर घरात घेतलं नसतं," ती म्हणाली. मग तीही चिडली. "आणि अज्जी, मला विचारलं का कुणी? अप्पा म्हणतात त्याने माफी मागावी, हे म्हणतात त्यांनी मागावी. पोट माझं आहे ना? मी कुठे जायचं ते ह्या दोघांच्या टेनिसवर ठरणार?"

"मग कुठे जायचंय तुला?"

"तुझ्याकडे. अप्पांकडे नाही, तुझ्याकडे."

"बॅग भर."

जावयाने बॅग भरली. ती वाकू शकत नव्हती. मी सांगत होते, तो भरत होता. गाडीही त्यानेच चालवली.

मुलाने दार उघडलं. पोरीकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, बाजूला झाला. मग जावयाला म्हणाला, "या. बसा. पाणी आणू का तुमच्यासाठी?" इतका मान त्याने लग्नातही दिला नव्हता. जावयाच्या तोंडावर मला दिसलं, त्यापेक्षा दोन शिव्या चालल्या असत्या.

"बाबा, त्या दिवशी मी..."

"बॅग आत ठेवा," मुलगा म्हणाला. "जड आहे, तिला उचलू देऊ नका."

एवढंच. माफी कुणी मागितली नाही. मी वाट बघत होते. दोघांच्या मधे उभी राहून बघत होते, की आता कुणी तरी माणसासारखं बोलेल. एकाने बॅग ठेवली, दुसऱ्याने पंखा वाढवला. मी नातीला आत नेऊन आडवं केलं, पायांना तेल चोळायला बसले. चोळता चोळता बाहेरून कुजबुज ऐकू आली. जावई म्हणत होता, त्या दोन नव्या पोरांत उंच जो आहे त्याचा हात चांगला. मुलगा म्हणत होता, हात चांगला असेल, पण मातीवर तो टिकत नाही, बघाच तुम्ही. दोघं आवाज दाबून भांडत होते, देवळात बोलावं तसं.

मला वाटलं, उठावं आणि दोघांच्या कानाखाली वाजवावी. ज्या विषयाने घर मोडायला आलं होतं, त्याच्याच पाठीमागे लपून हे दोघं पुन्हा एका सोफ्यावर बसले होते. सरळ एक वाक्य बोलायचं धाडस नाही आणि म्हणे पहिला कोण.

"अज्जी, बाहेर काय चाललंय?" नातीने डोळे मिटूनच विचारलं.

"मूर्खपणा."

"दोघांचा?"

"दोघांचा. तू झोप."

ती कुशीवर वळली. मी दुसरा पाय मांडीवर घेतला.