ताईची तीनशे पानांची फाइल

माझी थोरली बहीण टायपिस्ट. लोकांची हस्तलिखितं टाइप करून द्यायची, तीस वर्षं हाच धंदा. खिडकीबाहेर बघत, माझ्याशी गप्पा मारत टाइप करायची, आणि पानात चूक शोधून दाखवा म्हणायची! पुस्तक छापून आलं की आधी शेवटचं पान उघडायची. तिथे बारीक अक्षरात तिचं नाव असायचं.

तिचा कॉम्प्युटर जुनापुराणा. एक जीबी मेमरी, प्रोसेसर धापा टाकणारा. त्यावर ती टाइप करायला एक बारकासा एडिटर प्रोग्राम वापरायची: पांढरा पडदा, काळी अक्षरं, बस्स. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला नको तेवढी किंमत. "ताई, हे काय भंगार वापरतेस? लोक हसतील," असं म्हणून मी तो काढला आणि सगळ्यात भारी एडिटर घातला. चुकांखाली लाल रेघा काय, मिनिटामिनिटाला आपोआप सेव्ह काय! कोऱ्या पानावर माझं नाव टाइप करून बघितलं. झकास उमटलं. चहा प्यालो आणि निघालो.

ताई तेव्हा एका निवृत्त मास्तरांचं जाडजूड पुस्तक टाइप करत होती. त्यांची आधीची तीन पुस्तकंही तिनेच केलेली. काही आठवड्यांनी तिचा फोन आला.

"अरे, माझी अक्षरं उशिरा येतात."

"अक्षरं कशी उशिरा येतील? बोटं उशिरा पडत असतील. वय झालं तुझं, ताई!"

मी हसलो. तीही हसली. देवाशपथ, मला वाटलं विषय संपला.

तिच्या डोक्यातून तो गेलाच नाही. बोट पडायचं, पडद्यावर काही दिसायचं नाही, म्हणून ती पुन्हा दाबायची, मग दोन्ही अक्षरं एकदम यायची. आमच्या आईचे हात शेवटी शेवटी कापायचे. ताईने मनाशी ठरवून टाकलं, आता माझी पाळी. डॉक्टरांना काही सापडलं नाही, तर ती जास्तच घाबरली. रोज सकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायची. तीनशे पानं झाली तेव्हा तिने मास्तरांचं हस्तलिखित परत केलं. "आता माझ्याच्याने होत नाही हो," एवढंच म्हणाली. पुढचं कोणाचंच काम घेतलं नाही. मास्तरांचं पुस्तक दुसऱ्या कोणीतरी पुरं केलं.

आठ महिन्यांनी मला म्हणाली, "हा डबा घेऊन जा बाबा. नुसती जागा अडवतोय."

दुकानात आणून सगळं पुसायच्या आधी सहज तिची ती फाइल उघडली. शेवटच्या ओळीत एक अक्षर दुबार पडलेलं. खोडायला गेलो, हलेना. परत दाबलं. परत दाबलं. आणि एकदम चार अक्षरं गायब! कोऱ्या पानावर पळणारा तो दीडशहाणा एडिटर एवढ्या मोठ्या फाइलीत प्रत्येक अक्षराला अडत होता. त्या बिचाऱ्या मशीनला ते ओझं झेपतच नव्हतं. आणि म्हणे मी मेकॅनिक!

तिचा बारका एडिटर परत घातला, डबा उचलला आणि तडक ताईकडे गेलो. तीच फाइल उघडून तिच्यासमोर ठेवली.

"फक्त एक ओळ टाइप कर."

नको नको म्हणत बसली. बोट पडलं, अक्षर तिथल्या तिथे. दुसरं पडलं. मग हात सुटलेच. अर्धं पान झालं, एकही चूक नाही. माझ्याकडे वळली तेव्हा चेहरा नुसता फुललेला.

"अरे, गुण आला की रे! एवढे दिवस बोटं शेकली ती वाया नाही गेली."

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. तिला बरं वाटतंय, मीही सुटतोय. पण नाही राहवलं. सांगून टाकलं सगळं.

वाटलं होतं, चांगली फैलावर घेईल. घ्यायला हवं होतं. तिने आपली बोटं उलटसुलट करून बघितली.

"मी फोन केला होता ना तुला," ती हळूच म्हणाली. "तेव्हा एकदा येऊन इथे बसला असतास तर?"

माझ्या दुकानापासून तिचं घर चालत पाच मिनिटांवर आहे.