आमचे हे तीनदा मेले

मारामारीच्या पिक्चरमध्ये लोकांना हिरो दिसतो, मला त्याचा शर्ट दिसतो. त्याला माझा इलाज नाही. परळीत मी गेली तीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवते. आधी सासऱ्यांच्या हाताखाली शिवायची, आता एकटी शिवते. पडद्यावर कुणी कुणाची कॉलर धरली की माझी नजर कॉलरवर जाते. वरचं बटण तुटून पडलेलं मी बघितलेलं असतं. मग हिरो काचेतून उडी मारतो, पाण्यात पडतो, काठावर येतो, आणि बटण जाग्यावर! वर शर्टाला इस्त्री. बाही डावी फाटलेली असते आणि मिठी मारताना उजवी फाटलेली दिसते. हे सगळं मला दिसतं.

शर्टाचं सोडा, गोष्टसुद्धा तशीच. खलनायक हिरोच्या आईला पळवून नेतो, मग हिरोला स्वतःच फोन करून पत्ता सांगतो. हिरो पोचला की डोळे फाडून विचारतो, "तू इथं कसा?" अरे, तूच सांगितलंस की.

हे मी मोठ्यानं बोलते, म्हणून घरात भांडणं होतात. आमचे हे पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. दिवसभर तांब्याच्या तारेशी झटापट करून घरी आले की जेवताना त्यांना मारामारीच लागते. अंगानं आडदांड, मिशा भरघोस, पण स्वभावानं असे की दुकानात उंदीर निघाला तर त्याला बाहेरची वाट दाखवतील.

"पटत न्हाई तर कावून बघती मग?" ते म्हणायचे.

"समोर लावल्यावर काय डोळे झाकू?"

"त्या बटणापायी अख्ख्या पिक्चरचा इस्कोट करती तू. लोकांला कळत बी न्हाई."

या शेवटच्या वाक्याचा मला फार राग. सासऱ्यांनी मला शिकवलं ते याच्या उलटं. आतली शिलाई वाकडी गेली तर ते सगळा खांदा उसवायला लावायचे. मी म्हणायची, आतलं कोण बघतंय? ते म्हणायचे, "धुणारी बघती." शर्ट शिवताना ते त्या न दिसणाऱ्या बाईला मान द्यायचे. पिक्चरवाले मला तेवढाही मान देत नाहीत, असं मला वाटायचं. पण तोवर तो नुसता वाटण्याचा भाग होता.

मग एका हिवाळ्यात पिक्चरवालेच गावात आले.

गावाबाहेर वीज केंद्राच्या राखेचे ढीग पसरून जो करडा माळ झालाय, तो त्यांना आवडला होता. पिक्चरमध्ये तो कुठल्या तरी परदेशातलं वाळवंट होणार होता. कपड्यांचं बघणारा त्यांचा माणूस माझ्या दुकानात आला. मुंबईचा होता, बोलायला गोड. हिरोचे आठ पांढरे शर्ट एकसारखे पाहिजे होते, सोबत आणलेले कमी पडले होते.

"एकाच माणसाला आठ?" मी विचारलं.

"मावशी, मारामारी आहे. एक फाटका, एक रक्ताचा, एक राखेचा, एक डुप्लिकेटचा. पडद्यावर एकच दिसला पाहिजे."

माझा आनंद गगनात मावेना. म्हणजे हे लोक विचार करतात तर! मी चार दिवसांत आठ शर्ट शिवले आणि प्रत्येकाच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं एक ते आठ आकडे घातले, म्हणजे गोंधळ व्हायला नको. डुप्लिकेटचा खांदा अर्धा इंच मोठा ठेवला आणि बाहेरून तो कळणार नाही अशी चुणी घेतली. त्या माणसानं सुई-दोरा घेऊन शूटिंगलाही यायला सांगितलं. आमचे हे मला सोडायला आले होते, त्यांना बघून मारामारी बसवणारा मास्तर धावतच आला. त्यांच्या मिशांभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हा आपला गुंडा." हे इतके लाजले की मला त्यांचं लग्नातलं तोंड आठवलं.

पहिल्याच दिवशी माझ्या आकड्यांची वाट लागली. तीन नंबरची डावी बाही फाडायची ठरली होती, फाडली, शॉट झाला. मग हिरो म्हणाला, त्याचा उजवा दंड जास्त चांगला दिसतो. झालं, सहा नंबरची उजवी बाही फाडली. मी सुई हातात घेऊन पुढं गेले.

"साहेब, आताच तर डावी फाटली हुती."

कपडेवाला हसला. "मावशी, लोक काय शर्ट बघायला येतात?"

राखेचं तर बोलायलाच नको. आमच्याकडे दोरीवर वाळत टाकलेला पांढरा शर्ट दुपारपर्यंत करडा पडतो. आणि हा हिरो राखेच्या ढिगावरून गडगडत खाली आला की पुढच्या शॉटला त्याला कोरा शर्ट घालायचे. पांढऱ्यात चेहरा उजळ दिसतो म्हणे. मी तिथं बसून तोंडाला पदर लावला होता. राखेसाठी लावलाय असं सगळ्यांना वाटलं.

तिथं एक पोरगी होती, पंचविशीची. गळ्यात जाड वही, हातात मोबाईल. तिचं काम काय, तर मागच्या शॉटला काय कुठं होतं ते लिहून ठेवायचं, फोटो काढायचे, म्हणजे पुढच्या शॉटला तसंच ठेवता येईल. मी तिच्याकडे बघतच राहिले. हे काम मी आयुष्यभर फुकट करतेय आणि घरात बोलणी खातेय! मी तिला बाहीचं सांगितलं. तिनं वहीचं पान दाखवलं. तिनं ते आधीच लिहिलं होतं, खाली दोन रेघा ओढून.

"मग?"

"सांगितलं, मावशी. ते म्हणतात, कॅमेरा हलता ठेवू, कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी आमचे हे पहिल्यांदा मेले. हिरोनं पत्र्याच्या पिंपावर आपटलं, हे मान टाकून पडले. तासाभरानं गळ्यात लाल गमजा बांधून त्यांनाच पुन्हा उभं केलं आणि पाठीत गोळी घातली. मी मास्तरला म्हणाले, "हे तर सकाळीच मेले की." मास्तर म्हणाला, "गमछा बदललाय ना." हे मात्र खुशीत होते. घरी येऊन आरशासमोर मान टाकून बघत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांना ढिगाच्या माथ्यावरून मागं पडायचं होतं. खाली राखेत गादी पुरून ठेवली होती. एकदा पडले, बरोबर गादीवर. कॅमेरेवाला ओरडला, गादीचं टोक दिसतंय. दोघांनी गादी ओढून बाजूला केली. "राख मऊच आहे," मास्तर म्हणाला. हे पुन्हा वर चढले. मी लांब होते, एका शर्टाला बटण लावत होते. आरोळी ऐकली तेव्हा मला ती पिक्चरमधलीच वाटली.

राखेत लोखंडी अँगलचा तुकडा होता. हे पडताना वळले आणि डावं कपाळ त्यावर आपटलं. मी पोचले तोवर भुवईपासून मिशीपर्यंत रक्त आलं होतं आणि त्यावर राख बसून त्याचा चिखल झाला होता. वहीवाली पोरगी ओढणी दाबून धरत होती. दिग्दर्शक तंबूतल्या छोट्या पडद्यावर शॉट बघून बाहेर आला. तो काय म्हणाला हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

"रक्त कडक आलंय. कॅमेरा जवळ घ्या. दादा, एक मिनिट असेच पडून राहा."

आणि आमचे हे पडून राहिले! पोरीला ओढणी काढायला लावली. कॅमेरा त्यांच्या तोंडाजवळ आला, सगळे गप्प झाले, आणि एक मिनिटभर माझ्या नवऱ्याचं रक्त राखेत गळत होतं. मला ओकारी आली. मी खरंच बाजूला जाऊन ओकले. रक्ताची शिसारी मला नाही, सुई बोटातून आरपार गेलेली मी बघितलेली आहे. शिसारी त्या शांततेची आली.

डॉक्टरांनी सात टाके घातले. राख खोल गेली होती, सगळी निघेना. जखम भरली ती निळीकाळी, गोंदल्यासारखी.

पिक्चर पुढच्या उन्हाळ्यात आमच्या टॉकीजला लागला. तीनचा खेळ. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, ओळखीपाळखीचे सात-आठ जण बरोबर घेतले होते. राखेचा माळ पडद्यावर आला तसा टॉकीजात एकच गलका झाला. पिक्चरवाले त्याला वाळवंट म्हणून दाखवत होते, पण मागं आमच्या वीज केंद्राची धुराडी दिसत होती.

हे पडद्यावर आले. ढिगावरून पडले. मग ते कपाळ, सबंध पडद्याएवढं, वाहत असलेलं. बाया ओरडल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आणि लगेच पुढच्या शॉटला हे हिरोच्या मागून उठतात, गळ्यात लाल गमजा, कपाळ स्वच्छ. धुतल्यासारखं. एक ओरखडा नाही. मग पाठीत गोळी. आणि शेवटी, सगळे मेल्यावर, पिंपावर आपटून पुन्हा एकदा.

मी उभी राहिले. "कपाळ बघा! अहो, कपाळ बघा त्यांचं!"

मागून कुणी तरी म्हणालं, "बसा की ओ मावशी, हिरो दिसंना."

शिट्ट्या चालू होत्या. आमचे हेही टाळ्या वाजवत होते.

घरी आलो. चहा टाकताना मला राहवेना. "तुमचं रक्त घेतलं ते घेतलं. पुढच्या शॉटला ते ठिवायची बी तसदी घेतली न्हाई. पाच मिनिटांचं काम हुतं. नुसता लाल रंग लावायचा हुता."

"जाऊ दे ना. आलो ना पडद्यावर. अख्ख्या परळीनं बघितलं."

"काय बघितलं? कुणालाच दिसलं न्हाई."

ते चिडले. "तुला कधी कशाचा आनंद झालाय का ग? माणूस येवढा मोठा दिसला, तर ही कपाळ मोजत बसली!"

चहा दोघांनीही वेगवेगळ्या खोल्यांत घेतला. त्यांचंही खोटं नव्हतं. मला आनंद झाला नव्हता. त्यांना झाला होता, आणि तो मी नासवला होता.

वहीवाल्या पोरीचा नंबर माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन लावला. तिनं पहिल्यांदा दादांचं कपाळ कसं आहे ते विचारलं. ते विचारणारी त्या सगळ्यांतली ती एकटीच. मग म्हणाली, "मी लिहून दिलं होतं, मावशी. आधीचे शॉट पुढं जोडताय, कपाळ जुळणार नाही म्हणून. तीनदा सांगितलं."

"मग काय म्हणले?"

"म्हणाले, मरणाऱ्यांकडं कोण बघतं."

थोड्या वेळानं तिनं त्या पानाचा फोटो पाठवला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: कपाळ, डावी बाजू, खरी जखम, पुढे जुळत नाही. मी तो फोटो ह्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मोबाईल परत दिला आणि दुकानात गेले.

वर्षाभरानं कपडेवाल्याचा पुन्हा फोन आला. दुसरा पिक्चर, तोच माळ, या वेळी बारा शर्ट खाकी. मी नाही म्हणाले. "रागावलात का मावशी?" त्यानं गोड आवाजात विचारलं. शाळेच्या गणवेशाचं काम आहे, असं मी म्हणाले आणि फोन ठेवला. आमच्या ह्यांनाही बोलावणं आलं होतं, हवालदाराच्या कामाचं. त्यांना मी नको म्हणाले नाही. सकाळी दाढी करून, मिशांना पीळ देऊन गेले.

दुपारच्या जेवणाआधीच परत आले. मी मशीनवर होते. वर बघितलं तर अर्ध्या तोंडाला गुलाबी लेप, अर्धा पुसलेला, कानापर्यंत ओघळ आलेले.

"हे काय?"

खुर्चीवर बसून त्यांनी चपला काढल्या. "रंग लावणारं पोरगं म्हणालं, हा काळा डाग लई खटकतो. झाकायला लागंल. हवालदाराला असा डाग बरा दिसत न्हाई म्हणे. मी बसलो गप. मग मला विचारतं, काका, हा डाग कुठून आणला?"

"मग?"

"म्हणलं, तुमच्याकडूनच. हाच माळ." ते कपाळ खाजवत होते, लेप नखात येत होता. "त्याला काय माहीत बिचाऱ्याला. नवं पोरगं. पण तो मास्तर तिथंच हुता. त्यानं बघितलं माझ्याकडं आणि म्हणाला, जाड लाव, दिसता कामा नये. मी उठलो आणि आलो."

माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. वर्षभर साठवलेलं. पण त्यांचं तोंड असं झालं होतं की मी खोबरेल तेलाची बाटली आणली आणि फडक्यानं लेप पुसायला घेतला. डागापाशी मी हळू पुसत होते, तर हे म्हणाले, "दुखत न्हाई आता. घास जोरात."

तेवढ्यात त्यांच्या दुकानातून फोन आला. धर्मापुरीकडचा कुणी शेतकरी मोटार घेऊन येऊन बसला होता आणि त्याला आजच्या आज पिकाला पाणी द्यायचं होतं. हे कानामागचं तेल पुसत उठले. मी भाकरी बांधून दिली, आणि ते गेले.