कापा

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. साठ सालानंतर कुवेतला आलो आणि तिथल्या दस्मान भागातल्या एका शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकं सांभाळायच्या कामाला लागलो. कातरी रत्नागिरीच्या एका चाचांच्या हातात. ते मराठी चौथी शिकलेले. मी कपड्याला चिठ्ठी टाचायची, ‘आवळा’, ‘सोडा’, ‘कापा’, आणि चाचांनी तसं करायचं.

तेलकंपनीतल्या एका इंजिनिअरची बायको आइसलँडची होती. कपडे घेऊन आली की मी वही पुढे करायचो आणि ती त्यात तिच्या भाषेतलं नाव लिहायची. शर्ट म्हणजे स्किर्ता, विजार म्हणजे बुक्सुर. टोपीचं नाव मी ‘हुफा’ वाचलं, ती ‘हूवा’ म्हणाली. मला वाटलं, बाईचे उच्चार ढिले आहेत. अक्षरं समोर असताना कानाला कशाला विचारायचं? महिन्याभरात मी तिच्या कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर ती नावंच देवनागरीत लिहू लागलो.

“ही कुठली भाषा रे, बी.ए.?” चाचा विचारायचे.

“शिकलेल्यांची.”

“मग आमचं काय काम?”

पुढे ती माहेरी जायला निघाली. तिथल्या थंडीसाठी लांब लोकरी कोट होता, त्याचं फक्त अस्तर बदलायचं होतं. कोटाचं नाव तिने वहीत लिहून दिलं. त्यातल्या एका अक्षरावर तिरकी रेघ होती, ती मी शोभेची धरली. लोंबणारं अस्तर वर धरायला गुडघ्याच्या उंचीला दोन टाचण्या लावल्या, चिठ्ठीवर नाव लिहिलं, अस्तराचं आल्यावर सांगू म्हटलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर कोट गुडघ्याच्या वर आलेला.

“चाचा, हे काय केलंत?”

“तूच लिवलंस ना, कापा? टाचण्या पण लावल्यास.”

“अहो, ते कोटाचं नाव आहे.”

चाचांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. “मराठीत तर कापाच लिवलंय,” ते म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

तिचं विमान दोन दिवसांवर होतं. ती आली तेव्हा चाचांचं नाव पुढे करणं सोपं होतं, ती आमची भाषा थोडीच वाचणार होती? पण चूक माझ्या अक्षरात होती. मी तिला चिठ्ठी दाखवली, वाचून दाखवली आणि आमच्यात त्याचा अर्थ काय, ते बोटांची कातरी करून सांगितलं.

 ती चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाली, “काउपा.”

“कापा.”

“काउपा.”

चौथ्या खेपेला मला जमलं. तिने कोट अंगात घातला, आरशात पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

“काय म्हणते?” चाचांनी दारातून विचारलं.

“तिची धाकटी बहीण बुटकी आहे. तिला देईन म्हणते.”

चाचा आत आले. त्यांनी टेप गळ्यात टाकली. “बहीण जाडी की बारीक, ते विचार. बी.ए., आणि चिठ्ठी लिवू नको. मला तोंडी सांग.”