सोनेरी टोपी आणि लिंबाखालची जागा

टोपी मिळाली आणि सांगायला खोलीत एक माणूस नाही. विष्णुपुरीतल्या त्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. कॉलेज संपलं, तिघं पुण्याला गेले, मी मागं राहिलो. टोपी म्हणजे खरी नव्हे, मोबाइलवरच्या एका गेममधली, सोनेरी. जगभरचे लोक त्यात दोन टोळ्या करून एकमेकांवर गोळ्या झाडतात. हे युद्ध ज्या नकाशांत चालतं, ते आमच्यासारखे खेळणारेच बनवतात. कंपनी त्यातले मोजके निवडते. निवडलेला नकाशा गेममध्ये कायमचा राहतो आणि बनवणाऱ्याला सोनेरी टोपी मिळते. बाकीचे नकाशे कोण उघडतंय? धूळ खात पडतात.

मी आमच्या गावचा, मुखेडचा आठवडी बाजार बनवला होता. आई तिथं लिंबाखाली मिरची-हळद विकायची. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळं घर म्हणजे आम्ही दोघंच. मागच्या वर्षी आईही गेली. आमच्या बाजारात एक रीत आहे. विकणारं माणूस वारलं, तर वर्षश्राद्धापर्यंत त्याच्या जागेवर कुणी बसत नाही. आईच्या शेजारची लसूणवाली मावशी दर बाजाराला तिथं रिकामं पोतं अंथरायची, वर दगड ठेवायची. पाय ठेवायला जागा नसली तरी लोक पोत्याला वळसा घालून जायचे. मी नकाशातही तेच केलं. पोतं आणि दगड, बास.

कंपनीच्या तपासणाऱ्यानं कळवलं, बाजार झकास आहे, पण झाडाखालची मोकळी जागा चालणार नाही. तिथं उभा राहणारा चारही बाजूंनी गोळ्या खातो. एखादं खोकं ठेवून आडोसा करा, नाहीतर नकाशा बाद. माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, तुझ्या बापाची जागा आहे का रे? उत्तरात लिहिलं, ती जागा एका माणसाची आहे, भरता येणार नाही. त्यानं पुन्हा तेच वाक्य पाठवलं. कितीतरी दिवस मी नुसता धुसफुसत होतो. जागा मोकळी ठेवावी तर हा बाजार कुणी बघणार नाही, आणि भरावी तर आईच्या जागी खोकं! शेवटी खोकं ठेवलंच नाही. तिची ठिगळाची काळी छत्री उभी केली आणि खाली मिरचीची दांडगी पोती रचली. ती छत्री नकाशात रेखाटताना लई रडलो, सांगायला लाज कसली.

नकाशा निवडला गेला. टोपी घालून आत गेलो, तर कोण कुठले लोक, ना त्यांची भाषा कळे ना नाव, आईच्या छत्रीखाली दबा धरून बसलेले. सगळ्या बाजारात जीव वाचायचा तो तिथंच. मला बरं वाटलं आणि लगेच एकदम भकास वाटलं. हे दाखवायचं कुणाला? मावशी आठवली. बाजाराचा दिवस धरून मी मुखेडची एसटी पकडली.

लिंबाखाली पोतं नव्हतं. माझ्याच वयाचा एक गडी मोबाइलची कव्हरं मांडून बसला होता. मी सरळ त्याच्यावर घसरलो. “ऊठ! कुणाला विचारून बसलास इथं?” तो बिचारा उठायलाच लागला, तर शेजारून मावशीनं दंड धरून त्याला खाली बसवलं.

“म्या बसवलं त्येला. वर्षश्राद्ध झालं की रं तुझ्या आईचं. वरीसभर दगुड मीच ठिवला न्हवं?”

मी खिशातून मोबाइल काढून गेममधला बाजार तिच्यापुढं धरला. तिनं आधी पदरानं काच पुसली. लिंब ओळखला, स्वतःचं लसणाचं टोपलं ओळखलं, हसली. छत्री दिसली तशी तिनं मोबाइल डोळ्यांजवळ ओढला.

“आन् हे कोन बसून राहिलंय तिच्या जागी?”

“कुणीबी असतंय मावशी. ओळखीचं न्हाई. जीव वाचवायला येतेत.”

“तिथं चालतंय व्हय तुला?” तिनं कव्हरवाल्याकडं हात केला. “मंग ह्यानं तुझं काय घोडं मारलंय?”

मावशीचं बरोबर होतं आणि त्याचाच मला राग आला. आता या गावात आईसाठी राखलेलं काहीच राहिलं नव्हतं. गिऱ्हाइकं मला ढकलून पुढं जात होती. मग मी त्या गड्यापुढं उकिडवा बसलो आणि एक कव्हर मागितलं. त्यानं ते शर्टाला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. आईच्या जागेवरून काही विकत घ्यायची माझी ती पहिलीच वेळ होती.