काकींना विचारायचे अकरा प्रश्न

आई गेली आणि पुण्यात माझ्याशी मालवणीत बोलणारं कुणी उरलं नाही. नवरा विदर्भातला. तारकर्लीच्या माहेरच्या घरात भावाने पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात, आणि फोनवर तो माझ्याशीही गिऱ्हाइकाशी बोलावं तसं शुद्ध बोलतो.

मी एका हॉस्पिटलात हृदयविकारावरच्या संशोधनाचं काम बघते. अटॅक येऊन स्टेंट बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवायला दोन गोळ्या देतात. वर्षभराने दुसरी थांबवली तर पुन्हा गुठळी होण्याची भीती, चालू ठेवली तर रक्तस्रावाची. यातलं काय बरं, ते आम्हाला शोधायचं होतं. म्हणून निम्म्या पेशंटना ती गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी द्यायची.

काकी या त्यातल्याच एक पेशंट, आमच्याच भागातल्या धामापूरच्या. पुण्यात मुलाकडे आलेल्या असताना त्यांना अटॅक आला, इथेच स्टेंट बसला. वर्षाने तपासणीला आल्या तेव्हा मी त्यांना संमतिपत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे गोळयेत औषध आसा काय नाय, ता तुका पण ठावक नाय?"

"नाही. डॉक्टरांनाही नाही."

"देवीक कौल लावतत, तशातलाच झाला ह्या," म्हणत त्यांनी सही केली. त्यांची बोली माझ्या आईचीच होती, पण मी त्यांच्याशी प्रमाण मराठीतच बोलत राहिले. कामाची शिस्त होती.

काकी गावी परतल्या. दर महिन्याला मी फोन करून छापील अकरा प्रश्न विचारायचे. छातीत दुखलं का, दम लागला का, हिरड्यांतून रक्त आलं का, गोळी चुकली का. त्या सगळ्याला "नाय" म्हणायच्या. चौथ्या महिन्यात मात्र त्यांनीच विचारलं, "छातीत दुखणां म्हणजे कसा गो? कोणाची आठवण इली की दुखता, तसा काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तसा नाय ओ काकी. चलताना दुखता काय, ता सांगा."

काकी म्हणाल्या, "अगो, तू आमच्या हयली? आणि इतके म्हयने माका पुस्तकातला वाचून दाखवी होतंस?"

त्या दिवसापासून काकींचा फोन मी यादीत शेवटी, दुपारी चारला ठेवू लागले. प्रश्न संपले की काकी गावच्या तळ्यात पाणी किती चढलं, काजूला मोहर कसा आला, कोकमाची सोलं वाळत घातली की नाही, सगळं सांगायच्या. मी डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्या "गो"मध्ये मला आईचा "गो" ऐकू यायचा. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांना मात्र सांगितलं, लपवणं बरं वाटेना. ते म्हणाले, "बोला, पण आधी अकरा प्रश्न पूर्ण करून घ्या."

दुसऱ्या वर्षी एकदा प्रश्न संपल्यावर काकी देवळातल्या जत्रेचं सांगत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तळ्याकडसून वर येताना आता दोनदा थांबूचा लागता. वय झाला मा."

"मगाशी दम लागत नाय म्हणालात?"

"दम खंय लागता? मी आपली उभी रवतंय."

मी फोन ठेवला तो तडक डॉक्टरांकडे गेले. मुलाने काकींना चार दिवसांत पुण्याला आणलं. अडथळा जुन्या स्टेंटमध्ये नव्हता, दुसऱ्याच रक्तवाहिनीत वाढला होता. अँजिओप्लास्टी झाली. नंतर वॉर्डात भेटायला गेले तर काकी माझ्याकडे रागाने बघत होत्या. "तुका काय सांगूची सोय नाय," म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

पुढे अभ्यास संपला, कुणाला कुठली गोळी होती त्याची बंद पाकिटं उघडली. शेवटच्या फोनवर मी त्यांना सांगितलं की अभ्यासातल्या त्यांच्या बाटलीत औषध नव्हतं. "जांव दे ता," त्या म्हणाल्या. "पुढल्या म्हयन्यात माका कोण इचारतला?"

गोळ्या वेळेवर घ्या, एवढंच सांगून मी फोन ठेवला. त्यांचा नंबर कामापुरता मिळालेला होता, तो अभ्यासाच्या कागदांबरोबर कपाटात बंद झाला. महिन्याचा पहिला आठवडा आला की चार वाजता माझा हात उगाच फोनकडे जायचा.

गेल्या मे महिन्यात भावाकडे गेले तेव्हा धामापूरला जाऊन आले. घराची खूण काकींनीच कधीतरी सांगितली होती. त्या भेटल्या, तब्येत छान होती. पण ओसरीवर शेजारणी जमल्या आणि काकी मला "मॅडम" म्हणू लागल्या. "पुण्याच्या मॅडम आल्या आहेत, चहा ठेव," असं सुनेला शुद्ध मराठीत सांगितलं. मीही "नको, त्रास कशाला," म्हणाले. अर्धा तास आम्ही दोघी परक्यासारख्या बसलो.

निघताना त्या बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत, सोडायला आल्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाल्या, "फोनवर बोलतंय तसा समोर माका बोलूक येणा नाय गो."

"माका पण नाय, काकी," मी म्हणाले. आणि आम्ही तिथेच उभ्या राहिलो, गाडीची वेळ होईपर्यंत.